खांद्यावरचा डाग

दोघे सख्खे भाऊ परदेशात एकाच वर्कशॉपमध्ये वेल्डर होते. तिथूनच दोघांनी आणखी मोठ्या पगाराच्या देशाचा वर्क व्हिसा मागितला आणि एकाच दिवशी वकिलातीत पासपोर्ट जमा केले. थोरल्याचा नवव्या दिवशी नकार घेऊन परत आला. धाकट्याचा आतच राहिला, म्हणजे त्याचं काम होणार. ज्याला आपण वेल्डिंगचा होल्डर धरायला शिकवलं, तो पुढे जाणार! थोरल्याच्या असं पोटात दुखायला लागलं की एका खोलीत राहून तो भावाशी धड बोलेना. शेवटी धाकट्याला मुलगी झाली, तेव्हा पुतणीला बघायचं निमित्त करून त्याने रजा टाकली आणि मायदेशी जाऊन आला. पासपोर्टाशिवाय धाकट्याला निघता येत नव्हतं. त्याने विमानतळापर्यंत दादाची बॅग तेवढी उचलली.

थोरला परतला तेव्हा धाकट्याचा व्हिसा आलेला होता.

"आठवड्यात हजर व्हायचंय, दादा. इथूनच परस्पर."

"नशीब काढलंस बाबा," थोरला कसंबसं म्हणाला आणि धुवायचे कपडे काढायला लागला. धाकट्याने त्यातला एक शर्ट झटकन ओढून घेतला. खांद्यावर दुधाच्या गुळणीचा डाग वाळला होता.

"हा तिचाच ना?" त्याने डागाला नाक लावलं. "किती वेळ घेऊन बसायचास रे तिला?"

थोरल्याने वर पाहिलं. महिनाभर दाढी करताना आरशात आपला दिसत होता, तोच चेहरा आता धाकट्याचा झाला होता.