आतल्या खोलीची रेंज

“देवघरात नको, आतल्या खोलीत लाव,” कमलाकांतबुवा म्हणाले.

प्रीतम वायफायची रेंज वाढवणारा नवा डबा हातात धरून तसाच थांबला. “काकू तर फोनवर देवघर म्हनत होत्या, बुवा.”

“काकूचं काय ऐकून राहिला? आतल्या खोलीत.”

बुवांच्या पत्नी प्रमोदिनीबाई लगबगीनं पुढं आल्या. राऊटर पुढच्या खोलीत, देवघर मधे आणि गोधड्या-डब्यांची आतली खोली पार मागं. तिथं नेट हवं होतं कुणाला? मागच्या गुरुवारी कीर्तन रंगात असताना देवघरातलं नेट तुटलं, तेव्हा बुवा चिपळ्या खाली ठेवून कीर्तन अर्धवट टाकून उठले होते.

छातीच्या दुखण्यानं बुवांचं गावोगाव जाणं सुटलं. मग नात जुईलीनं फोन उभा करून लाइव्ह जायला शिकवलं आणि दर गुरुवारी देवघरातूनच कीर्तन सुरू झालं. आधी नातेवाईक ऐकायचे. हळूहळू सगळे गळाले. बुवांनी मात्र सांगूनच टाकलं होतं, “घरच्यांसमोर मी पाठ म्हणत बसणार नाही. बाहेरचा एक जरी श्रोता असला तर गाईन. नसला तर चिपळ्या बासनात.”

एक श्रोता टिकला. धामणगाव रेल्वे या गावच्या माणिकबाई.

पूर्वरंग संपला की मंडळी उठून बुवांना बुक्का लावतात. माणिकबाई तेवढ्यात फोनवर लिहायच्या, ‘बुक्का लावला, हार घातला, नमस्कार.’ बुवा चष्मा सावरून वाचायचे, कपाळाला हात लावायचे आणि उत्तररंगाला असा आवाज लावायचे की शेजारची माया आपला टीव्ही बंद करायची.

धामणगावात अशा कुणी माणिकबाई नव्हत्या. मायाकडे जाते असं सांगून प्रमोदिनीबाईच मागच्या अंगणात, मोबाइलची रेंज लागते त्या कोपऱ्यात, शाल गुंडाळून त्या नावानं ऐकत बसायच्या. उभा जन्म बुवा गात होते तेव्हा त्या पेटी-तबलावाल्यांसाठी शिरा परतत होत्या. अख्खा उत्तररंग त्यांनी पहिल्यांदा ऐकला तो या अंगणात.

“अहो, देवघरातच लावू द्या ना. तिथंच तर तुटतं.”

“तुटू दे. कोण अडून राहिलं माझ्या कीर्तनावाचून?”

“धामणगावच्या बाई वाट पाहतात.”

“म्हाताऱ्या असतील त्या. किती दिवस ऐकतील?”

“असं कावून बोलता?” बाई बुवांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

प्रीतम हसला. “भांडू नका, काकू. राऊटर तुमी लोखंडी कपाटामागं दडवला, त्याचा जीव घुसमटून राहिला. तो वर काढून ठेवतो, देवघराचं भागते. डबा देवघर नि आतल्या खोलीच्या मधल्या बोळीत लावतो. त्याले सोताले रेंज भेटली तरच तो आत देईल ना! पन बुवा, त्या खोलीत ऐकते कोन? उंदरं?”

“उंदरांले काय भक्ती नसते? लाव मुकाट्यानं.”

डबा लागला, हिरवा दिवा आला. देवघरात नेट किती येतं ते बुवांनी विचारलंदेखील नाही. फोन घेऊन ते थेट आतल्या खोलीत गेले, गोधड्यांची चळत बाजूला सारली आणि भिंतीशी सतरंजी अंथरून समाधानानं बाहेर आले.

बाईंना कळून चुकलं. आता हे तिथं पडून दुसऱ्यांची कीर्तनं बघणार. यांचं गाणं संपलं.

गुरुवारची संध्याकाळ झाली. बाई जड पावलांनी देवघराशी आल्या, तर बुवा धोतर नेसून, उपरणं घेऊन फोनसमोर उभे. चिपळ्या हातात! बाईंच्या जिवात जीव आला. त्यांनी घाईघाईनं शाल उचलली.

“मी मायाकडे जाऊन येते हो.”

“आज नको,” फोन सरळ करता करता, मान न वळवता बुवा म्हणाले. “अंगणात गारठा फार आहे, माणिकबाई. आतल्या खोलीत बसा.”