धप्पा वहिनी

"या, धप्पा वहिनी," दार उघडताच उल्हास म्हणाला आणि आतली मंडळी हसली. म्हणजे गोष्ट आपल्या आधीच पोचली, हे प्रज्ञाला उंबऱ्यातच कळलं. हसणाऱ्यांत तिचा नवरा होता. ऑफिसातून परस्पर येऊन नागेशनं सोफ्यावर उल्हासच्या शेजारची जागा धरली होती.

आखातातल्या शहरात, अल मनखूल भागातल्या त्या फ्लॅटमध्ये उल्हासच्या बायकोचं, रंजिताचं, संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. पण खोली ताब्यात होती उल्हासच्या. हात पसरून तो गेल्या शनिवारचा जॉर्जियातला डोंगर सांगत होता. तो, नागेश आणि वहिनी, तिघं स्कीवर चालत चार तास बर्फ चढले. लिफ्ट नाही, गाइड नाही. गाइड कशाला, उल्हास आहे ना. माथा दगड मारला तर लागेल इतका जवळ, आणि तिथं वहिनींना आवाज आला. धप्प. झालं, वहिनी म्हणाल्या, मागे फिरा.

"डोंगर लपाछपी खेळत होता हो. वहिनींना धप्पा देऊन गेला."

पुन्हा हशा. नागेशचा जरा जास्तच मोठा.

प्रज्ञाच्या पायाखालचा अख्खा उतार तेव्हा खाली बसला होता. बोटभरच, पण सगळा एकदम. तिच्या स्कीच्या टोकापासून एक भेग निघाली आणि दिसेनाशी होईपर्यंत पळत गेली. तिनं फावड्यानं खणून पाहिलं होतं. वर वाऱ्यानं दाबून घट्ट केलेला बर्फ, खाली सुटे, चकचकीत दाणे. मुठीत घेतले तर ओघळून गेले. मागे वळली तर नागेश पांढराफटक. ऐकलंस का, तिनं विचारलं होतं. ऐकलं, चल खाली, तो म्हणाला होता. पायथा येईपर्यंत तिच्या मागून हलला नव्हता.

आता मात्र त्याचं प्रमोशन उल्हासच्या सहीवर अडलं होतं. एका सहीसाठी माणूस किती दात काढू शकतो, ते ती बघत होती.

उद्याच्या फ्लाइटनं पुन्हा तोच डोंगर, उल्हासनं जाहीर केलं. वेदर क्लिअर आहे, चार दिवस ऊन पडलंय, बर्फ एकदम सेट. वहिनी नाही आल्या तरी चालेल, त्यांच्या जागी ऑफिसमधला सुजीत येतोय. वहिनींनी फक्त आपलं फावडं आणि बीकन त्याला द्यावा. बीकन म्हणजे बर्फात गाडलेला माणूस कुठं आहे ते सांगणारं यंत्र. सुजीतनं ते कधी हातातसुद्धा धरलं नव्हतं.

"देणार नाही," प्रज्ञा म्हणाली.

रंजिता लगबगीनं हलव्याची वाटी घेऊन आली. "घे गं. आजच्या दिवशी तरी गोड बोल."

प्रज्ञानं वाटी घेतली आणि त्यातला मूठभर हलवा तिच्यापुढे धरला. "हे बघ. त्या बर्फाखाली असे दाणे आहेत. एक दाणा दुसऱ्याला धरत नाही. चार दिवसांच्या उन्हानं त्यांना काही होत नाही, आठवडेच्या आठवडे तसेच पडून राहतात. त्यावर हे तिघं चढणार आहेत. त्यात तुझाही नवरा आहे, रंजिता."

रंजितानं उल्हासकडे पाहिलं. तिचं हसू गेलं होतं.

उल्हासला ते आवडलं नाही. "वहिनी, यल्ला, चला, खलास करा हा विषय. आवाज तुम्हाला एकट्यांना आला. विचारा की तुमच्या नवऱ्याला."

प्रज्ञा वळली. "नागेश, आवाज झाला होता की नव्हता?"

नागेशनं आधी उल्हासकडे पाहिलं, मग हातातल्या चहाच्या कपात.

"खाली रस्त्यावर कुणाच्या गाडीचं दार लागलं असेल."

रस्ता चार तास खाली होता. तरी लोक हसले.

"खेळात धप्पा बसला की पुन्हा राज्य घ्यायचं असतं," प्रज्ञा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तिथं राज्य घ्यायला तू उरणार नाहीस. आणि तुझा हा बॉस तुला उकरून काढेल असं वाटतंय? त्याच्या फावड्यावरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही, नागेश."

तिनं वाटी खाली आपटली. पांढरे दाणे गुळगुळीत फरशीभर टणाटणा उडाले, सोफ्यापुढच्या गालिच्याच्या कडेखाली शिरले.

"अहो, सणावाराचं हे काय..." उल्हास ताडकन उठला आणि तिच्या अंगावर आल्यासारखी दोन पावलं टाकली. दुसरं पाऊल गालिच्याच्या कडेवर पडलं. गालिचा त्याच्यासकट सरकला आणि एवढा थोरला उल्हास फरशीवर बसला.

धप्प.

कोणी हसलं नाही. रंजिता जागची हलली नाही. नागेशच्या कपातला चहा त्याच्या मांडीवर सांडत होता आणि त्याला कळत नव्हतं. तो फरशीकडे बघत होता, पुन्हा तसाच पांढराफटक.

"असाच," तो म्हणाला. "असाच झाला होता."