बेरिंगचा नंदी

रुपालीचा नंदी जागेवर उभा राहायलाच तयार नव्हता. दोरी जरा सैल झाली की निघाला पुढं!

"काय केलं व तुह्या अब्बानं याले?" तिनं अलफियाला विचारलं.

"मोटरसायकलची बेरिंग टाकली चाकात," अलफिया म्हणाली. "ब्रेक नाही टाकला."

दोघी एवढ्या खिदळल्या की पुढची पोट्टी वळून पाहू लागली.

आज तान्हा पोळा. बोरीतली लेकरं आपापले लाकडी नंदी सजवून शाळेच्या उतारावर उभी होती. कुणाच्या नंदीच्या शिंगांना बेगड, कुणाच्या गळ्यात प्लास्टिकची फुलं, एकाच्या पाठीवर तर आईच्या ब्लाउजपीसची झूल. उताराच्या मधोमध आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं. खाली, मारुतीच्या पारावर, माईक धरून गावचे मानकरी भगवानराव बसलेले. तोरणाखालून पहिला जायचा तो त्यांच्या घरचा मानाचा नंदी. वासराएवढा मोठा. तो जाईपर्यंत बाकी कुणाचं चाक हलता कामा नये. मोठ्या, खऱ्या बैलांच्या पोळ्यात यावरून डोकी फुटतात. तान्ह्यात निदान रडारड होते.

रुपाली सगळ्यात मागं होती, आणि सगळ्यांत उंचही तीच. "दहावीतली पोरगी नंदी घेऊन येते काय?" भगवानरावांनी आल्या आल्याच हटकलं होतं. "मागं राहाय. गडबड केली तं सरळ घरी!"

घरी तिला मुळीच जायचं नव्हतं. भज्यांचा घाणा नुकताच निघाला होता, सगळा गाव नवे कपडे घालून रस्त्यावर आला होता, आणि पुढच्या वर्षी तिला रांगेत कुणी उभंच करणार नव्हतं. तिनं दोरी मनगटाला गुंडाळली आणि अगदी शहाण्यासारखी उभी राहिली.

तेवढ्यात सातवीतला प्रफुल्ल पारावर चढून माईकवर झडती म्हणायला लागला. झडती म्हणजे पोळ्यातलं चिमटे काढणारं गाणं. त्यानं मास्तरांच्या तंबाखूच्या खर्ऱ्यापासून सुरुवात केली ती थेट हजेरी घेताना उडणाऱ्या पिचकारीपर्यंत नेली. हसून हसून रुपालीची दोरी मनगटावरून सुटली ते तिला कळलंच नाही. शेवटी सगळ्यांनी हात वर करून ओरडायचं असतं.

"हर बोला हर हर..."

"महादेव!" रुपालीनं दोन्ही हात वर केले.

नंदी निघाला.

दोन रांगांच्या मधून तो असा गेला, जसा काही त्याला बाजाराला उशीर झाला होता. "ए, पकड! पकड!" पोट्टी ओरडली, पण पकडलं कुणीच नाही. मानाच्या नंदीला घासून, तोरणाखालून, थेट पारापाशी. भगवानरावांच्या जोड्याला शिंग टेकवून तो थांबला.

प्रफुल्लनं माईक भगवानरावांच्या हातात दिला.

"कोणाचा हाय हा?" भगवानरावांनी विचारलं. खरं तर त्यांना दिसत होतंच.

अलफियानं रुपालीचा हात घट्ट धरला. रुपालीनं तो सोडवला आणि उतार उतरून खाली आली.

"माहा हाय, आजोबा."

"मान कोणाचा असते, माहीत नाही तुले? उचल अन् जाय घरी."

रुपालीनं नंदी उचलला. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून तुळसाबाईंचा आवाज आला, "अशी कशी जाते? तोरणाखालून जो पहिला गेला, त्याच्या धन्याची झडती ऐका लागते! तुमच्याच बापानं लावला हा कायदा, भगवानराव!"

"हो, हो!" सगळे ओरडले.

भगवानरावांनी माईक पुढं केला. चेहऱ्यावर हसू नव्हतं. रुपालीनं नंदी काखेत मारला. तयार काहीच नव्हतं. तिनं समोर पाहिलं. पूल, बाजार, कढईतली भजी, उतारावरची लेकरं. आणि तोंड उघडलं.

"चाक रे चाक, बेरिंगचं चाक,
त्याले ना कोणाच्या बापाचा धाक!
पुलावर वारा, बाजारात भजे,
नंदी म्हणे, घेतो गावाचे मजे!
मानाचा नंदी सजतच राह्यला,
माह्या नंदीनं गाव पाह्यला!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर..."

"महादेव!"

असा महादेव झाला की पारावरच्या पिंपळातले पोपट उडाले. अलफिया तर उड्याच मारत होती.

भगवानरावांनी माईक खाली ठेवला. ते उठले, चढ चढून आपल्या नंदीपाशी गेले. त्याच्या शिंगांना पितळी शेंब्या, अंगावर मखमली झूल, चारी चाकांखाली विटा.

"माह्या बापानं बनवला हा," ते अखेर म्हणाले. "दर साली सजवतो. चौघं मिळून ढकलतो. पण धावताना कधी पाह्यला नाही." रुपालीकडं वळून त्यांनी विचारलं, "याले बेरिंग नाही. हा जाईन काय व?"

"वीट काढून तं पाहा, आजोबा."

"सरका रे पोट्टेहो!"

ते वाकले. एकेक वीट त्यांनी स्वतः ओढून काढली. नंदी कुरकुरला, जरा हलला, आणि मग घंटा वाजवत, धडाडधूम उतार उतरू लागला. तोरण त्याच्या शिंगात अडकून तुटलं. आणि त्याच्या मागं, एका हातात धोतराचा सोगा धरून, दुसऱ्या हातानं टोपी दाबून, भगवानराव पळत सुटले, "अरे थांब! थांब लेका!" असं ओरडत, आणि दात नसलेलं तोंड उघडून खो खो हसत.