सगळे दिवे एकदम

"तक्रार कोणी केली, तेवढं सांगा," गुहेचा मालक पुन्हा म्हणाला. "पुढचं मी बघतो."

"म्हणूनच सांगत नाही," वीज खात्याच्या तपासनीस बाई म्हणाल्या आणि इंजिनाच्या खोलीत शिरल्या.

गुहेच्या तोंडाशी दगडात कोरलेल्या त्या खोलीत जनरेटर होता. आणि तो ज्या खटक्याने बंद होई, तो खटका त्याच्या मागच्या भिंतीवर होता. बाई अंग चोरून त्या फटीत गेल्या. परतल्या तेव्हा खांद्याला काजळी लागली होती.

"आग लागली तर हा बंद करायला कोण जाणार?"

"मी."

"आगीतून?"

"आजवर कधी लागली नाही."

"ती सांगून लागत नाही. मुख्य स्विच इथे दाराशी आणा, कुलूप घालता येईल असा. आणि तातडीचं लाल बटण खोलीच्या बाहेर, कुणाच्याही हाताला येईल असं. तोवर गुहा बंद."

मालक सहज हार मानणारा नव्हता. "बाहेर बटण म्हणजे येणारं-जाणारं प्रत्येक कार्टं ते दाबणार. आत माणसं असताना सगळे दिवे एकदम गेले तर? काळोख बघायला कुणी तिकीट काढत नाही, मॅडम."

"झाकण लावा. कुलूप मात्र नाही."

"सगळे एकदम जातील?" तिकिटाच्या खिडकीतून त्याच्या आईने विचारले.

"सगळे, आजी."

"मग बरं."

"त्यात बरं काय आहे, आई?" तो वैतागून म्हणाला. आईने खिडकीची काच पुसायला घेतली.

हंगाम तोंडावर आला होता. नवा रस्ता झाल्यापासून प्रवासी परस्पर निघून जात; हा हंगाम बुडाला असता, तर गुहेला कायमचे टाळे लागले असते. तक्रार करणाऱ्याला खटक्याची जागा नेमकी ठाऊक होती, म्हणजे तो आत येऊन गेलेला माणूस. गाड्या उभ्या करण्यावरून ज्याच्याशी भांडण झाले होते, त्या समोरच्या खानावळवाल्यावर मालकाचा संशय पक्का बसला.

गुहा सापडली ती मात्र आईला. ती फोटोग्राफर होती. तरुणपणी कॅमेरा घेऊन आत शिरली, फ्लॅश उडवला. आणि फ्लॅश विझल्यावरही भिंती उजळलेल्याच राहिल्या, असे ती सांगे. फोटोत नुसते दगड आले. नवरा म्हणाला, डोळे दिपले असतील. नातेवाईकांनी तेच जरा गोड शब्दांत सांगितले.

"फ्लॅश उडताना मी डोळे मिटून घेते," ती म्हणे. "मिटलेले डोळे दिपतील कसे?"

या युक्तिवादाला उत्तर नव्हते. म्हणून सगळे हसत. पुढे जनरेटर आला आणि गुहा लखलखली. बाहेर पडताना मागचे दालन मालवायचे ते पुढचे झगमगत असतानाच, आणि इंजिन बंद करायचे ते शेवटचा माणूस बाहेर आल्यावर, हा मालकाचा शिरस्ता. एकदा सगळे एकदम घालव, असे आईने त्याला कितीदा तरी विनवले होते. त्याला सवड झाली नाही. मग तिचे गुडघे गेले आणि पायऱ्या उतरणे संपले.

वायरमनने सांगितल्याप्रमाणे सारे केले. लाल बटण तिकिटाच्या खिडकीशेजारी बसले. चाचणीसाठी तपासनीस बाई पुन्हा आल्या.

"बटण दाबणारा माणूस यंत्राची माहिती नसलेला हवा. आजी, तुम्ही दाबाल?"

"दाबीन की. आतून घंटा झाली की दाबते," आई म्हणाली. "पण डोळे मिटून घ्या हं दोघं. दिवे गेले की उघडा. एखादा चुकून जळत राहिला, तर लगेच दिसेल."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या.

मोठ्या दालनात मालकाने घंटेचे बटण दाबले. पुढची तुकडी सोडायची असली की याच घंटेने तो आईला कळवी. दोघांनी डोळे मिटले. पाण्याच्या ठिबकण्याइतकी जुनी वाटणारी इंजिनाची घरघर मध्येच तुटली.

त्याने डोळे उघडले.

काळोख नव्हता. छतापासून उतरलेले दगडी पडदे, खांब, खांबांवर चढलेल्या चुनखडीच्या झालरी आतून उजळल्या होत्या. दगडावर पडलेला उजेड नव्हता तो; दगडाचा स्वतःचा होता, थंड, हिरवट, कुठेही सावली न पाडणारा. छत जिथे संपते असे तो लोकांना वर्षानुवर्षे सांगत आला होता, त्याच्याही वर प्रकाशाच्या घड्यांमागून घड्या चढत गेल्या होत्या. आपल्याच दिव्यांनी ती उंची आजवर झाकून ठेवली होती. त्याने हात उचलला. त्या तेजापुढे तो काळा दिसला, आणि एवढ्या जागेत फक्त आपणच अंधारे आहोत असे त्याला वाटले.

मग आरशावरची वाफ विरावी तसे ते सारे विरत गेले.

"एकही दिवा राहिलेला नाही," बाई अगदी हळू म्हणाल्या.  

टॉर्चच्या उजेडात ते वर आले तेव्हा आईचा हात अजून बटणावरच होता.

"हिरवट होतं ना?" तिने विचारले.

तो तिच्या खुर्चीपाशी पायरीवर बसला. "हो, आई."

तिने मान हलवली. बाईंनी मंजुरीच्या कागदावर सही केली.

"मॅडम," मालक अखेर म्हणाला, "ज्यानं तक्रार केली ना, तो खानावळवाला असला तरी चालेल, त्याला माझे आभार कळवा."

"आभार राहू देत," आई म्हणाली. "पण बाई, तुमच्या खात्याचा फोन काही केल्या लागत नाही हो. अख्खी दुपार गेली माझी."