अर्धा अर्धा पासवर्ड

कंपनी दोघा सख्ख्या भावांची, पण दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. एकट्यानं काही लंपास करू नये म्हणून कंपनीचे सगळे हिशेब ठेवलेल्या बाहेरच्या सर्व्हरचा पासवर्ड त्यांनी अर्धा-अर्धा वाटून घेतला होता. रोज सकाळी कॉम्प्युटरवाल्या बाईंच्या टेबलाशी येऊन आपापला अर्धा टाइप करायचा आणि त्यानिमित्तानं एकमेकांचं थोबाड बघायचं.

दोघांनाही त्याचा वीट आला. आधी थोरला गुपचूप बाईंकडे आला, मग धाकटा. बोलणं मात्र एकच. "माझा अर्धा तुमच्या स्क्रिप्टमध्येच घालून टाका, आपोआप टाइप होईल. त्या नालायकाला कळू देऊ नका. त्याला झिजवू दे रोज बोटं!"

बाईंनी घातला. दोन्ही वेळा.

वर्षं गेली. एकदा बाईंनी हक्काची रजा मागितली, तर भावांचं जन्मात पहिल्यांदा एकमत झालं: बाईंना हाकलायचं. जाताना काही काड्या करून ठेवल्या असतील, म्हणून त्यांचा कॉम्प्युटरही पुसून कोरा केला.

दुसऱ्या सकाळी बाईंना पाठोपाठ दोन फोन आले. "बाई, माझा अर्धा काय होता हो? साफ विसरलोय. त्याला मात्र बोलू नका."

 

बाई दोघांनाही गोड आवाजात म्हणाल्या, "तुमच्या भावाला विचारा ना. तुमचा अर्धा त्यांना केव्हाचा पाठ आहे!"