निळा कोट

आर्णी तालुक्यातले निम्मे स्वर्गवासी एकाच निळ्या कोटात आहेत. तो कोट नासिरच्या फोटो स्टुडिओतल्या कॉम्प्युटरमधला. जन्मभर ज्याच्या अंगाला सदरा सोडून काही लागलं नाही, त्यालाही नासिर मेल्यावर कोट-टाय चढवायचा, मागं आभाळ सोडायचा, आणि घरचे खूश होऊन फ्रेम घेऊन जायचे. पण आज त्याची पंचाईत झाली होती. कोट तयार होता, चेहराच मिळत नव्हता.

काउंटरसमोर लालीबाई आणि तिचा मुलगा सुनील बसले होते. रामलालची तेरवी उद्यावर आलेली, आणि घरात त्याचा एक धड फोटो नाही! आधार कार्डावरचा होता, पण त्यात बिचारा असे डोळे फाडून बघत होता, जसं काही पोलिसांनी धरून आणलंय.

"याले हार कोन घालन, नासिरभाई?" सुनील म्हणाला. तो पुण्याला कंपनीत होता. बापाचा फोटो झकास व्हावा एवढंच त्याच्या मनात होतं. "लग्नायचे फोटो पाहा ना. आमच्या तांड्यातली सारी लग्नं तुमच्याकडंच तर हायेत."

नासिरनं एकेक लग्न उघडलं. उत्तमसिंगच्या पोराचं. भावसिंगच्या भावाचं. रामलाल सगळीकडे होता आणि कुठंच नव्हता. वाकलेली पाठ, हातात वरणाची बादली, फेट्याचं सुटलेलं टोक. नवरदेवाशेजारी उभं राहायला ही रेटारेटी, आणि हा गडी मागं पंगतीत. बबिताचं लग्न उघडलं. स्वतःच्या लेकीच्या लग्नात तरी माणसानं समोर बघावं! तिथं तो बँडवाल्यांना वाढत होता.

"बाबा पंगतीत कवा बसलेच नाही," सुनील पुटपुटला.

"वरन त्यायच्या डाळीचं, अन् ते कसे बसतीन?" लालीबाई म्हणाली.

ते खरंच होतं. तांड्यात लग्न कुणाचंही असो, वरणाची डाळ रामलालच्या शेतातली. धुऱ्याकडच्या, बांधालगतच्या सहा ओळी तूर तो त्यासाठीच पेरायचा, आणि त्या सहा ओळींना घरच्यांनी हात लावायचा नाही. एका साली पावसानं दगा दिला. घरानं चार महिने चटणी-भाकरीवर काढले, पण सहा ओळींची डाळ लग्नाच्या पातेल्यातच पडली. लहानपणी सुनील यावरून बापाशी भांडला होता. आता तो पडद्याकडे बघत होता आणि त्याचे डोळे भरून आले होते.

अठरा वर्षं नासिर त्या तांड्यावर लग्नाचे फोटो काढायला जात होता. कॅमेरा बाजूला ठेवायचा अवकाश, रामलाल "भाऊ, आधी जेवून घ्या" म्हणत बादली घेऊन हजर. ते वरण त्यानं दरवेळी ओरपून खाल्लं, आणि वाढणाऱ्याचा एक फोटो काढायला त्याचं बोट उठलं नाही. त्याला स्वतःची लाज वाटली.

"मावशी, मग ते जेवत कवा होते?"

"सारे उठले का मंग. मी अन् ते. एकाच ताटात."

नासिर ताडकन सरळ बसला. "थांबा, थांबा! धरमसिंगच्या पोरीचं लग्न!" त्या दिवशी तो चार्जर विसरून तांड्यावरून निघाला होता. परत आला तेव्हा मांडव रिकामा झालेला. मागं ही दोघं जेवत बसलेली दिसली, आणि सहज म्हणून त्यानं एक बटण दाबलं होतं. कुणाला दाखवलंही नव्हतं.

फोटो सापडला. रिकाम्या पातेल्यांजवळ मांडी घालून रामलाल बसलेला, फेटा गुडघ्यावर. समोर पाठमोरी लालीबाई त्याच्या भातावर वरण घालत होती, आणि तिच्याकडे बघून तो तोंडभर हसत होता.

"कोट घालू?" नासिरनं विचारलं.

"नका घालू," सुनील म्हणाला.

नासिर कामाला लागला. पातेली गेली, मांडवाचे बांबू गेले, पाठमोरी लालीबाई गेली. राहिला एक हात. तो नेमका रामलालच्या पुढ्यात, ताटावर आलेला.

"हात बी काढतो, मावशी. थोडा टाइम लागन."

"राहू दे."

सुनील दचकून आईकडे वळला. "याडी, हाराच्या फोटोत जित्या मानसाचा हात? अपशकुन असते तो. लोक काय म्हनतीन?"

नासिरच्याही धंद्यात असं कधी झालं नव्हतं. मेलेल्यांच्या खांद्यावरून त्यानं आजवर कितीतरी जिवंत हात पुसून काढले होते. त्यानं लालीबाईकडे बघितलं.

"चाळीस सालं त्यायच्या ताटात माहाच हात होता," ती म्हणाली. "आता कायले काढता?"

नासिरनं माउस सोडला. मोठ्या आकाराचा फोटो छापला, आपल्या हातानं फ्रेममध्ये बसवला आणि तिच्या मांडीवर ठेवला. लालीबाई तळहातानं काच पुसू लागली. काचेवर काही नव्हतं, तरी पुसत राहिली.

काचेआड रामलाल हसत होता. त्याच्या ताटावरचा हात कोपरापर्यंत बांगड्यांनी भरला होता. काच पुसणारा हात मोकळा होता.