पुरं वाक्य

"मला एक सू... सू..." विद्याधर म्हणाला.

"सूप कसं करायचं ते सांगतो," संगणक म्हणाला.

कळफलक केव्हाच बंद झाले होते. संगणक बनवणाऱ्या कंपनीला सूचना द्यायची तीही बोलूनच, आणि विद्याधर जरा अडखळला की संगणक त्याचं वाक्य आपल्या मनाने पुरं करून मोकळा!

"अहो, गाऊन सांगा ना," बायको शालन म्हणाली. "भजनात कुठे अडखळता?"

विद्याधरने खणखणीत आवाजात सूचना गायली, "माझं बोलणं संपेपर्यंत थांबत जा!"

"सूचना मंजूर. आमचे सगळे संगणक आता थांबतील."

"ध... ध..."

संगणक गप्प राहिला.

विद्याधरने सावकाश चहा संपवला, कप विसळून पालथा घातला आणि मगच म्हणाला, "धन्यवाद."